मोजणारी चकती

(यंत्राला डोळे नसतात. तरीही कारखान्यातील यंत्र ठरलेल्या जागी बरोबर थांबते. ते कसे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईहून नाशिककडे निघालात की कसारा घाट चढल्यावर इगतपुरी लागते आणि त्यापुढे घोटी. घोटी हे भाताच्या बाजारपेठेचे गाव. भोवती भरपूर पाऊस, शेतात भात आणि गावात भाताच्या गिरण्या. तेथून पुढे गोंदे आणि मग नाशिकजवळच्या अंबड व सातपूर भागात कारखानेच कारखाने दिसतात.

तांदळाच्या पिशव्या भरणारे एखादे यंत्र तुम्ही पाहिले आहे का? प्लॅस्टिकचा लांब कागद रिळावरून उलगडत येतो. यंत्र त्याची पिशवी करते, तीत तांदूळ भरते, तोंड चिकटवते आणि कापते. प्रत्येक पिशवी सारख्याच लांबीची! कोणी पट्टी घेऊन मोजत नाही. मग कागद किती पुढे सरकला, हे यंत्राला कसे कळते?

तुम्ही रात्री अंधारात घराचा जिना उतरता, तेव्हा काय करता? पायऱ्या मोजता. शेवटची पायरी दिसत नसली तरी ती आली हे तुम्हाला कळते. यंत्रही नेमके हेच करते. ते पाहत नाही, मोजते. मोजण्याचे हे काम करणाऱ्या लहानशा उपकरणाला ‘एन्कोडर’ म्हणतात.

एन्कोडरची रचना सोपी आहे. मोटारीच्या किंवा रोलरच्या दांड्यावर एक पातळ चकती बसवलेली असते. चकतीच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक खाचा असतात. चकतीच्या एका बाजूला छोटा दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ‘डोळा’. दांडा फिरला की चकती फिरते. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे जातो. खाच सरकली की प्रकाश अडतो. प्रत्येक वेळी प्रकाश आला की विजेचा एक ठोका तयार होतो. त्याला ‘स्पंद’ म्हणतात. नियंत्रक नावाचा यंत्राचा मेंदू हे स्पंद मोजत राहतो.

आता थोडे गणित करू. समजा, चकतीवर १००० खाचा आहेत आणि रोलरचा घेर ५०० मिलिमीटर आहे. म्हणजे एका स्पंदाला कागद अर्धा मिलिमीटर सरकतो. पिशवी २५० मिलिमीटर लांब हवी असेल, तर ५०० स्पंद झाले की कापायचे! एका सेकंदात किती स्पंद आले, हे पाहिले की वेगही समजतो. एका सेकंदात २००० स्पंद आले, तर रोलर सेकंदाला दोन फेरे घेत आहे.

पण रोलर उलटा फिरला तर? स्पंद तर तेव्हाही येतील. म्हणून एन्कोडरमध्ये दोन डोळे असतात. ते एकमेकांपासून किंचित पुढेमागे बसवलेले असतात. पहिल्या डोळ्याला प्रकाश आधी दिसला, तर चकती पुढे फिरत आहे. दुसऱ्याला आधी दिसला, तर ती मागे फिरत आहे. पुढे जाताना नियंत्रक बेरीज करतो आणि मागे येताना वजाबाकी.

तुमच्या घरी आजीच्या हातात तुम्ही तसबीह पाहिली असेल. मोठ्या तसबीहमध्ये तेहतीस मण्यांनंतर एक वेगळा मणी असतो. तो बोटाला लागला की मोजणी बरोबर आहे, याची खात्री होते. चकतीवरही अशीच एक वेगळी खाच असते. ती एका फेऱ्यात एकदाच येते. तिच्यामुळे मोजणीतील चूक लगेच पकडता येते.

या एन्कोडरची एक अडचण आहे. वीज गेली की मोजणी पुसली जाते. वीज परत आल्यावर आपण कोठे आहोत, हे यंत्राला माहीत नसते. मग ते आधी सावकाश मूळ जागी जाते आणि शून्यापासून पुन्हा मोजू लागते. पिशव्यांच्या यंत्राला हे चालते. पण जड वस्तू उचललेल्या यांत्रिक हाताचे काय? जवळच कामगार उभा असेल, तर त्या हाताने जागा शोधत इकडेतिकडे हलणे धोक्याचे आहे.

यासाठी दुसऱ्या प्रकारचा एन्कोडर वापरतात. त्याच्या चकतीवर एकात एक अशी अनेक वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळाला वेगळा डोळा असतो. प्रकाश आला तर १, नाही आला तर ०. अशा रीतीने चकतीच्या प्रत्येक जागेला स्वतःचा आकडा मिळतो. दहा वर्तुळे असली की १०२४ जागा ओळखता येतात. वीज येताच यंत्र आकडा वाचते आणि जागचे न हलता आपली जागा ओळखते.

येथेही एक गंमत आहे. ० आणि १ यांच्या नेहमीच्या पद्धतीत तीन म्हणजे ०११ आणि चार म्हणजे १००. तिनावरून चारावर जाताना तिन्ही अंक बदलतात. ते अगदी एकाच क्षणी बदलले नाहीत, तर मध्येच १११ म्हणजे सात वाचले जाईल! म्हणून तीनसाठी ०१० आणि चारसाठी ११० अशी मांडणी करतात. तीत शेजारच्या दोन आकड्यांमध्ये एकच अंक बदलतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे फ्रँक ग्रे यांना १९५३ साली या मांडणीचे पेटंट मिळाले. त्यांच्या नावावरून तिला ‘ग्रे कोड’ म्हणतात.

जेथे धूळ, तेल किंवा भाताचा कोंडा उडतो, तेथे खाचा बुजतात आणि प्रकाश अडतो. अशा ठिकाणी प्रकाशाऐवजी चुंबकाचा उपयोग करतात. चुंबकाला धुळीची फारशी अडचण होत नाही.

घोटी स्टेशनातून धावणाऱ्या रेल्वे इंजिनांतही अशीच मोजणी चालते. कसारा ते इगतपुरी हा घाटाचा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. तेथे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ आहे. रेल्वेसाठी हा चढ फार मोठा! पावसात रूळ ओले झाले की चाके जागच्या जागी घसरतात. आधुनिक विद्युत इंजिनात मोटारींच्या वेगावर लक्ष ठेवणारी अशी उपकरणे असतात. एखादे चाक इतरांपेक्षा एकाएकी जोरात फिरू लागले, की ते घसरत आहे, हे नियंत्रकाला कळते. तो मोटारीचा जोर क्षणभर कमी करतो आणि चाक पुन्हा रूळ पकडते.

आता शेवटचा प्रश्न. एन्कोडरची तार तुटली तर? मोटार फिरत असते, पण स्पंद येत नाहीत. नियंत्रकाला वाटते, यंत्र हललेच नाही. म्हणून तो आणखी जोर लावतो. यंत्र बेफाम धावते आणि कोणाचा हात सापडला तर मोठा अपघात होतो. म्हणून चांगल्या यंत्रात आणखी एक नियम घातलेला असतो : मोटारीला हुकूम दिला आणि स्पंद आले नाहीत, तर ताबडतोब थांबायचे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकेल, कोणी कारखान्यात काम करील. तेव्हा यंत्राच्या ताकदीबरोबरच त्याची मोजणीही तपासा. जे यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीचा खरा हिशेब ठेवते, त्याच्याच शेजारी माणूस निर्धास्तपणे उभा राहू शकतो.

शब्दार्थ

चकती – गोल, सपाट तुकडा
खाच – कापलेली बारीक फट
घेर – गोल वस्तूच्या भोवतीची लांबी
स्पंद – ठोका
बेफाम – ताब्यात न राहणारा
निर्धास्तपणे – भीती न बाळगता

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चकतीच्या दोन बाजूंना काय काय असते?
(आ) ‘ग्रे कोड’ हे नाव कोणावरून पडले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) एन्कोडरमध्ये दोन डोळे असतात.
(आ) कोंडा उडतो तेथे चुंबकाचा एन्कोडर वापरतात.

प्र. ३. पाठातील रोलरवर ३०० मिलिमीटर लांबीची पिशवी करायची आहे. किती स्पंद मोजावे लागतील?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा : पुढे, बेरीज, सावकाश, चढ.

उपक्रम : सायकलच्या चाकाचा घेर दोरीने मोजा आणि चाकातील तारा मोजा. तारांना अलगद लागेल असा पुठ्ठ्याचा तुकडा सायकलला बांधा. सायकल हातात धरून हळूहळू ढकला आणि टिकटिक मोजा. त्यावरून तुम्ही किती अंतर चाललात ते काढा.