आपोआप बंद पडणारा संगणक

संगणक चालतां चालतां अकस्मात् बंद पडूं लागला म्हणजे घरांतील मंडळी बहुधा असें ठरवितात कीं, यंत्र निकामी झालें, आतां नव्याचा खर्च आला. आम्ही पालकांस सुचवूं इच्छितों कीं, दुकानाची वाट धरण्यापूर्वीं तें केव्हां व कसें बंद पडतें, हें चार दिवस वहींत टिपून ठेवावें.

पडद्यावर सूचना देऊन यंत्र थांबत असेल, तर दोष प्रायः आज्ञावलींत किंवा वीज वांचविण्याच्या मांडणींत असतो. दिवा विझावा तसा पडदा क्षणांत काळा होत असेल, तर उष्णतेचा अगर विजेचा संशय धरावा.

पैकीं उष्णतेचा विचार धायरींत आधीं करावा. सिंहगड रस्त्याकडील हें गांव २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. नव्या इमारतींच्या बांधकामाची धूळ येथें घरोघरीं शिरते. ती पंख्यावर व त्याखालील धातूच्या पातळ पत्र्यांत साचली कीं, वारा खेळत नाहीं. प्रोसेसरचें उष्णतामान शंभर अंश सेल्सिअसच्या सुमारास पोंचलें म्हणजे तो प्रथम आपली गति कमी करितो, आणि तेवढ्यानें न भागल्यास जळून जाऊं नये म्हणून यंत्रच बंद करवितो. याची खूण सोपी आहे: खेळ किंवा चित्रफीत चालू असतां यंत्र थांबतें, लगेच सुरू केल्यास पुन्हा थांबतें, व निवल्यावर नीट चालतें. अशा वेळीं वीज काढून मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. थोरांसही हें चुकलेलें नाहीं. पाषाणच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकासाठीं द्रवानें थंड करण्याची योजना करावी लागली.

घरांतील दिवे त्याच क्षणीं मंद होत असतील, तर २३० व्होल्टांचा दाब घसरत आहे असें समजावें. यूपीएस असल्यास त्याची जुनी बॅटरी तपासवावी. मात्र संगणकांतील वीजपुरवठ्याची पेटी विद्यार्थ्यांनीं कदापि उघडूं नये. तिच्यांतील कपॅसिटर वीज काढल्यावरही कांहीं काळ भारित राहतात, व त्यांचा धक्का जिवावर बेतूं शकतो.

उलट, यंत्र बंदच होत नसेल तर? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बंद करतांना प्रणालीचा कांहीं भाग डिस्कवर जपून ठेवण्याची सोय आली, व कित्येकदां जुना बिघाड तसाच पुढें येतो. म्हणून एकदां ‘रीस्टार्ट’ करून पाहावें. कळ चार-पांच सेकंद दाबून धरणें हा अगदीं शेवटचा उपाय. त्यावेळीं न जपलेला प्रकल्प परत मिळत नाहीं.