टर्बो गेला नव्हता

94,000 रुपये मोजून मी गाडीचा टर्बो बदलून घेतला आणि दोनच महिन्यांनी खंबाटकी चढताना आरशात तोच निळा धूर दिसला. 'टर्बो झिजतोच साहेब' असं आधी छातीठोकपणे सांगणारा सर्व्हिस सेंटरचा माणूस आता टॅबवरून मान वर न करता म्हणाला, 'तुम्ही गाडी दामटत असाल.' 21 वर्षं गाडी चालवतोय मी! ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

शेवटी भोसरीच्या एका मिस्त्रींकडे गेलो. बॉनेट उघडताच ऑइलची डिपस्टिक जागेवरून उचललेली दिसली. त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला, पुसला, स्वच्छ नळी लावून फुंकला. हवा गेली. उलटा धरून फुंकला, तरीही गेली. 'एकाच बाजूने जायला हवी,' एवढंच बोलले. माझ्या पोटात खड्डा पडला.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. आयडलिंगला मॅनिफोल्ड तो या व्हॉल्व्हमधून ओढून घेतो. टर्बोने दाब धरला की व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या आधी इनटेकला मिळतो. माझा व्हॉल्व्ह मिटतच नव्हता, त्यामुळे दाबाची हवा उलटी क्रँककेसमध्ये घुसायची. टर्बोतलं ऑइल आपल्या वजनानेच खाली उतरतं. खालूनच दाब आला तर ते सीलमधून बाहेर पडणार. जुना टर्बो काय, नवा काय, धूर येणारच होता. व्हॉल्व्ह 1,850 रुपयांना मिळाला.

म्हणून सांगतो, कुणी टर्बो गेला म्हणालं तर शाफ्ट तुमच्यासमोर हलवून दाखवायला लावा. आडवी किंचित हालचाल असतेच. पण तो मागेपुढे सरकत असेल किंवा पातं घासत असेल तरच खर्चाचं बोला. त्याआधी पीसीव्ही आणि त्याच्या नळ्या तपासून घ्या, तुंबलेली नळीही असा धूर काढायला पुरते. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, वेळेवर. आणि जुना पार्ट काम सुरू होण्याआधीच मागून ठेवा. मी नंतर मागितला, तर म्हणे स्क्रॅपला गेला.

डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन असेल तर इनटेक व्हॉल्व्हही बघा. तिथे पेट्रोल पडतच नाही, मग ऑइलच्या वाफेची काजळी धुणार कोण? मिस्त्रींनी कॅमेरा आत घालून दाखवली, डांबरासारखी जाड. साफ करायला आणखी 9,000 गेले.

सर्व्हिस सेंटरला मी तीन मेल केले. पार्टचे पैसे परत मिळत नाहीत, एवढंच उत्तर आलं. टर्बो काढण्याआधी पीसीव्ही तपासला होता का, हे मी तिन्ही मेलमध्ये विचारलंय. त्यावर अजून एक शब्द नाही.