कणगी, मुडी आणि धान्याचा मनोरा

धान्याची साठवण हा पाठ घेताना आपण पोतं, कोठार, गोदाम सांगतो आणि पुढे जातो. दोडामार्गातल्या मुलांना तो कणगीपासून शिकवावा, असं मला वाटतं.

घाटावर ज्वारी जमिनीतल्या पेवात ठेवत. आपल्याकडे ते जमणारच नव्हतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस; खड्ड्यातलं भात तिथेच रुजलं असतं! म्हणून आपलं धान्य जमिनीपासून वर. बांबूच्या पट्ट्यांची कणगी शेणाने सारवून दगडांवर ठेवायची. बियाण्याचं भात मात्र मुडीत: पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीने गच्च आवळायचं. चुलीवरच्या माळ्यावर धूर लागला की कीड दूर राहते.

आता हेच कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशात पाहू. तिथे रेल्वे स्टेशनाजवळ लाकडी मनोरे असत, त्यांना एलेव्हेटर म्हणतात. शेतकऱ्याची गव्हाची गाडी आधी काट्यावर, मग गहू खालच्या खड्ड्यात. बादल्या लावलेला पट्टा तो वर नेतो, आणि वरून गहू आपल्याच वजनाने कप्प्यात, तिथून मालडब्यात उतरतो. वाफेवर चालणारा असा पहिला एलेव्हेटर अमेरिकेत बफेलो इथे १८४२ साली जोसेफ डार्टने उभारला.

पण मुलांना यंत्रापेक्षा एक प्रश्न जरूर विचारा: वजन कोण करतं? तिथे वजन आणि गव्हाची प्रत कंपनीचा माणूस ठरवी, कचऱ्यापोटी घटही तोच धरी. या रागातूनच शेतकऱ्यांनी १९०६ मध्ये धान्यविक्रीची स्वतःची कंपनी काढली. आपल्याकडेही कूळ जमीनमालकाला खंडाचं भात मोजून देई. पायली सपाट भरली की शीग लावून, यात घरचं वर्षभराचं पोट अडकलेलं! कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याकडे मालकी येऊ लागली. घरातल्या वयस्कर माणसांकडे खंडाची आठवण अजून मिळते, पालकांनी मुलांना जरूर विचारायला लावावं.

आठवीला वृत्तचितीचं घनफळ आहेच. कणगीचा व्यास १ मीटर, उंची १.४ मीटर धरली तर घनफळ १.१ घनमीटर. एका घनमीटरात भात सुमारे ५७५ किलो मावतं, म्हणजे कणगीत साधारण ६३० किलो. माणसं किती, दिवसाला तांदूळ किती आणि कांडल्यावर भाताचे तांदूळ किती उरतात, हे मुलांनी घरी विचारून यावं आणि ही कणगी कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल ते फळ्यावर काढावं.