सावलीतली पंगत

प्रस्तावना

घरातील कर्त्या माणसाचा सन्मान कसा करावा, असे विचारले तर बहुतेकांच्या मनात प्रथम भेटवस्तू येते. परंतु ज्याने आयुष्यभर इतरांच्या ताटात काय पडते याची काळजी वाहिली, त्याच्याबरोबर निवांत बसून जेवणे हाही सन्मानच असतो. प्रस्तुत पाठात दिल्लीतील सरोजिनी नगर या वसाहतीच्या निमित्ताने उन्हाळ्यात उघड्यावर होणाऱ्या अशा जेवणाचा विचार केला आहे. अक्षय्य तृतीयेची जुनी प्रथा, पितृदिनाची नवी प्रथा आणि या दोहोंना आधार देणारी झाडाची सावली, असे तीन धागे या पाठात गुंफले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अक्षय्य तृतीया आणि पितृदिन यांतील साम्य व भेद सांगू शकाल;
• कडक उन्हाळ्यात उघड्यावर जेवताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करू शकाल;
• कुटुंबातील कामाच्या वाटणीविषयी आपले मत मांडू शकाल;
• सार्वजनिक झाडांचे कौटुंबिक जीवनातील महत्त्व विशद करू शकाल.

मूळ पाठ

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर आहे. स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे हे नाव देशभर परिचित झाले. मात्र त्या बाजारालगतची वस्ती केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली होती. पूर्वी या भागाला विनय नगर म्हणत. पुढे त्याला सरोजिनी नायडू यांचे नाव देण्यात आले. बैठी व दुमजली घरे, घरांच्या ओळींमध्ये मोकळी हिरवळ आणि कडेने कडुनिंब, पिंपळ, जांभूळ यांसारखी झाडे, असे या जुन्या वसाहतीचे रूप होते. नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहत. त्यांत मराठी कुटुंबेही होती.

दिल्लीचा उन्हाळा कठोर असतो. सरोजिनी नगरापासून जवळच असलेल्या सफदरजंग येथील वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मोसमी पाऊस या शहरात सामान्यतः जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो. तोवर दुपारी लू वाहते आणि माणसे दारे-खिडक्या लावून घरात बसतात. ऊन उतरल्यावर मात्र अंगण पुन्हा जागे होते. जमिनीवर पाणी शिंपडावे, खाट बाहेर काढावी, माठातले गार पाणी जवळ ठेवावे आणि झाडाखाली बसून चार घास खावेत, ही उत्तर भारतातील उन्हाळ्याची जुनी रीत आहे. मराठी माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. गावाकडे शेतातल्या आंब्याखाली शिदोरी सोडणारा आणि दिल्लीत कडुनिंबाखाली सतरंजी अंथरणारा, दोघेही एकच गोष्ट शोधत असतात – थोडी सावली आणि आपली माणसे.

उन्हाळा, वडील आणि जेवण यांचा संबंध मराठी संस्कृतीत नवा नाही. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अनेक घरांत पितरांचे स्मरण केले जाते. पाण्याने भरलेला मातीचा कुंभ दान देतात. त्याला उदककुंभ म्हणतात. खानदेशात या सणाला आखाजी असे नाव आहे. तेथे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि घरोघरी पितरांसाठी घागर भरली जाते. पुरणपोळी आणि आमरस यांचा नैवेद्य होतो. पितरांना आंबा अर्पण केल्याशिवाय आपण तो खायचा नाही, असा नियम पाळणारी घरे आजही आहेत. तहानेच्या दिवसांत पाणी आणि फळाच्या दिवसांत पहिले फळ – गेलेल्या वडिलांना आपण हेच देतो.

जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी साजरा होणारा ‘फादर्स डे’ म्हणजेच पितृदिन आपल्याकडे बाहेरून आला. त्याचा आरंभ अमेरिकेत झाला. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या शहरात सोनोरा स्मार्ट डॉड नावाच्या स्त्रीने त्यासाठी पुढाकार घेतला. आईच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी मुलांना एकट्याने वाढवले होते. मातृदिनाचे प्रवचन ऐकताना वडिलांसाठीही असा दिवस असावा, असे तिला वाटले. तिच्या प्रयत्नांमुळे १९ जून १९१० रोजी त्या शहरात पहिला पितृदिन पाळला गेला. अमेरिकेत त्याला कायद्याचे स्थान मिळायला मात्र १९७२ साल उजाडले. आज बाजाराने या दिवसाला भेटवस्तूंचे रूप दिले आहे; मूळ प्रेरणा मात्र एका मुलीच्या कृतज्ञतेची होती.

या दोन दिवसांत एक महत्त्वाचा भेद आहे. अक्षय्य तृतीयेला ज्यांचे स्मरण होते, ते वडील ताटावर येऊन बसू शकत नाहीत. पितृदिनाला ज्यांना बोलवायचे, ते समोर असतात. त्यांना मीठ कमी वाटले तर ते सांगू शकतात, दुसऱ्यांदा रस मागू शकतात आणि जुनी गोष्ट तिसऱ्यांदाही सांगू शकतात. नवी प्रथा स्वीकारावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु जे आपण पितरांना श्रद्धेने देतो, ते वडील हयात असताना प्रेमाने का देऊ नये, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

सरोजिनी नगरातील जुनी घरे उभी होती, त्या काळातील एका कुटुंबाची कल्पना करा. वडील सरकारी कचेरीत काम करतात. वयाची साठ वर्षे पूर्ण होताच ते निवृत्त होणार आहेत आणि त्यानंतर सरकारी घरही सोडावे लागणार आहे. जूनमधल्या एका रविवारी मुले ठरवतात की आजचे जेवण समोरच्या कडुनिंबाखाली करायचे. सतरंजी अंथरली जाते, पाने मांडली जातात. मुलगी म्हणते, “बाबा, आज तुम्ही आधी बसा. वाढायचे काम आमचे.” वडील सवयीने म्हणतात, “तुम्ही सगळे बसा, मग मी बसतो. तुझ्या आईला आधी बसव.” हे साधे वाक्य विचार करायला लावणारे आहे. आपल्याकडे पूर्वी पुरुषांची पंगत आधी उठे आणि रांधणाऱ्या स्त्रिया मागून उरलेसुरले जेवत. वडिलांचा सन्मान करताना आईच्या वाट्याला चुलीपुढचे दोन तास अधिक येत असतील, तर तो सन्मान अपुराच राहतो. म्हणून अशा दिवशी स्वयंपाक मुलांनी करावा, जड सामान तरुणांनी उचलावे, भांडी सर्वांनी मिळून घासावीत आणि पंगत एकच असावी. शेजाऱ्यांनाही बोलावले, आणि प्रत्येकाने आपापल्या घरून एकेक पदार्थ आणून तो वाटून खाल्ला, तर त्यालाच आपण अंगतपंगत म्हणतो. तिच्यात कुणा एकावर खर्चाचा किंवा श्रमाचा भार पडत नाही.

उघड्यावरच्या जेवणात पदार्थांची निवड विचारपूर्वक करावी लागते. हवेचे तापमान ३२ अंशांहून अधिक असेल, तर शिजवलेले ओलसर अन्न तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. कारण उष्णतेत जंतू वेगाने वाढतात. आपल्या जुन्या शिदोरीत कोरड्या पदार्थांना मान होता, तो उगाच नव्हे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली दशमी मऊ राहते. तिच्याबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि लोणचे असले की जेवण होते. दडप्या पोह्यांना विस्तव लागत नाही. घरून फोडणी करून न्यावी, नारळ आणि कांदा मात्र जागेवरच मिसळावा. काकडीची कोशिंबीर आयत्या वेळी करावी. दही आणि आमरस बर्फाच्या पेटीतून न्यावेत. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, मीठ आणि वेलदोडा यांचे पन्हे घामावाटे गेलेले पाणी व मीठ भरून काढते. शेजारच्या उत्तर भारतीय घरात त्याच कैरीत पुदिना आणि भाजलेले जिरे घालतात. दोन्ही पेले एकाच सतरंजीवर आले, की दोन प्रांतांची ओळख विनासायास होते.

आंब्याचेही तसेच आहे. जूनच्या मध्यावर कोकणातील हापूसचा हंगाम सरत आलेला असतो. त्याच वेळी दिल्लीच्या बाजारात दशहरी आणि लंगडा हे उत्तरेकडील आंबे येतात. हापूसच्या आठवणीत रमलेले वडील सुरुवातीला नाक मुरडतात आणि मग दशहरीच्या रसाची वाटी निमूटपणे पुढे करतात. परगावी घर मांडणे म्हणजे काय, हे त्या वाटीत दिसते.

वडील वयस्कर असतील, तर आणखी काळजी घ्यावी. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. मधुमेह असल्यास रस किती घ्यावा हे वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे. दिल्लीत जूनच्या मध्यावर सूर्यास्त सुमारे सात वाजून वीस मिनिटांनी होतो. पंगत त्यानंतरच बसवावी. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ हा आपला जुना पर्याय आजही उत्तम आहे.

आता राहिली सावली. भाकरी घरून आणता येते, सावली आणता येत नाही. ती आधी कुणीतरी लावून ठेवलेली असावी लागते. २०१६ साली केंद्र सरकारने सरोजिनी नगरासह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. जुनी घरे पाडून तेथे उंच इमारती बांधण्याचे ठरले. कर्मचाऱ्यांना अधिक घरांची गरज होती, हे खरे. परंतु त्यासाठी हजारो झाडे तोडावी लागणार असे कळताच, जून २०१८ मध्ये दिल्लीचे अनेक नागरिक सरोजिनी नगरात जमले आणि त्यांनी झाडांना मिठी मारून विरोध दर्शवला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने वृक्षतोडीस स्थगिती दिली. पुढे आराखड्यात बदल झाले. तरीही वसाहतीचे जुने रूप मात्र उरले नाही. घर पुन्हा बांधता येते, काही वर्षांत दुप्पटही करता येते. पन्नास वर्षांच्या कडुनिंबाला मात्र पन्नास वर्षेच लागतात.

ज्या झाडाखाली वडिलांसाठी पान मांडले, ते झाड बहुधा त्या वडिलांनी लावलेले नव्हते. त्या घरात त्यांच्या आधी राहून गेलेल्या कुणीतरी ते लावले, कुणीतरी त्याला पाणी घातले आणि निवृत्त होऊन तो निघून गेला. त्याची सावली ज्यांच्यावर पडली, त्यांना त्याचे नावही ठाऊक नाही. वडील होणे म्हणजे तरी याहून वेगळे काय असते? म्हणून उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळी पंगत उठल्यावर एक काम करण्यासारखे आहे. माठात उरलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतावे. तोही एक उदककुंभच होय.

शब्दार्थ

लू – उत्तर भारतात उन्हाळ्यात वाहणारा अतिशय उष्ण वारा
शिदोरी – प्रवासात किंवा शेतावर बरोबर न्यावयाचे जेवण
उदककुंभ – पाण्याने भरलेला घडा
सासुरवाशीण – सासरी नांदणारी विवाहित मुलगी
अंगतपंगत – प्रत्येकाने आणलेले पदार्थ वाटून घेत एकत्र केलेले जेवण
विनासायास – कष्टाशिवाय, सहज
स्थगिती – एखादे काम तात्पुरते थांबवण्याचा आदेश

तुम्ही काय शिकलात

• अक्षय्य तृतीयेला दिवंगत वडिलांचे स्मरण होते. पितृदिन हयात वडिलांबरोबर साजरा करता येतो.
• एकाच्या सन्मानाचा भार दुसऱ्यावर पडू नये.
• उन्हाळ्यात कोरडे पदार्थ, पुरेसे पाणी आणि योग्य वेळ यांना महत्त्व असते.
• सार्वजनिक झाड हे अनेक पिढ्यांचे सामाईक धन आहे.

स्वाध्याय

१. खानदेशातील आखाजीचे वर्णन चार-पाच वाक्यांत करा.
२. “तुझ्या आईला आधी बसव,” या वाक्यातून वडिलांच्या स्वभावाचा कोणता पैलू दिसतो?
३. ‘भाकरी घरून आणता येते, सावली आणता येत नाही.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. घरांची गरज आणि झाडांचे रक्षण यांचा मेळ कसा घालता येईल? तुमचे मत सकारण लिहा.
५. उपक्रम : तुमच्या वडिलांना किंवा वडिलांच्या ठिकाणी असलेल्या व्यक्तीला लहानपणीच्या उघड्यावरील जेवणाची एक आठवण विचारा व ती आठ-दहा ओळींत लिहून काढा.