शेतरस्त्याचा वाद, खून आणि अपील : खैरलांजी खटल्याचा अभ्यास

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, तेव्हा सिद्धार्थ गौतमाने युद्धास विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा व पाचांनी मिळून निवाडा करावा, असे त्याने सुचविले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रसंगाला गृहत्यागाच्या कारणाचे स्थान दिले आहे. शेती आणि पाण्याचा तंटा किती जुना व किती गंभीर, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण अशा तंट्यातून खून झाला, तर पुढे न्यायालयात नेमके काय घडते, याची माहिती आपल्यातील सुशिक्षितांनाही फार थोडी असते. विशेषतः ‘अपील’ म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो, असा गैरसमज सर्वत्र आढळतो. म्हणून विद्यार्थ्यांसाठी एक खटला येथे घेतला आहे.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भैयालाल भोतमांगे यांचे बौद्ध कुटुंब राहत होते. शेती सुमारे पाच एकर. त्यांच्या शेतातून रस्ता जावा, अशी गावातील काही लोकांची मागणी होती व त्यावरून वाद धुमसत होता. या कुटुंबाच्या बाजूने उभे राहणारे त्यांचे नातेवाईक, शेजारच्या गावचे पोलीस पाटील, यांना ३ सप्टेंबर २००६ रोजी मारहाण झाली. त्या प्रकरणी भैयालाल यांच्या पत्नी सुरेखा व मुलगी प्रियंका यांनी साक्षीदार म्हणून जबाब दिले. २९ सप्टेंबर रोजी त्यातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, सुधीर व रोशन या चौघांची हत्या झाली. भैयालाल तेवढे वाचले.

येथे थोडे थांबावे. वाद रस्त्याचा होता, पण खून साक्ष दिल्यानंतर झाला. आणि साक्ष देणारी बाई गावातल्या मोजक्या दलित घरांपैकी एका घरची होती. या तीन धाग्यांपैकी कायद्याने कोणता उचलला, हाच या खटल्याचा गाभा आहे.

तपास पुढे सीबीआयकडे गेला. अकरा जणांवर खटला चालला. भंडारा येथील न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले, तिघांना सोडले. सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू केला नाही.

फाशीची शिक्षा सत्र न्यायालयाने दिली तरी ती लगेच अमलात येत नाही. उच्च न्यायालयाची पुष्टी लागते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६६ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. म्हणून नागपूर खंडपीठापुढे फाशीच्या पुष्टीचा प्रश्न, आरोपींची अपिले आणि अत्याचार कायदा लावावा ही सीबीआयची मागणी, असे सर्व एकत्र आले. १४ जुलै २०१० रोजी निकाल लागला. दोष कायम राहिला. फाशी रद्द होऊन २५ वर्षांची शिक्षा झाली. हत्या सूडापोटी झाली, जातीच्या कारणावरून झाल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने मानले.

हा निष्कर्ष आपल्या समाजाला पटला नाही. मलाही पटत नाही. सूड आणि जात या दोन वेगळ्या पेट्या आहेत, असे गावात राहिलेला माणूस मानणार नाही. परंतु रागावून कागद बाजूला ठेवण्यापेक्षा तो वाचावा. अपिलात साधारणपणे नवे साक्षीदार बोलावले जात नाहीत. खाली जे जबाब, पंचनामे, उलटतपासण्या झाल्या, त्याच कागदांवर वरचे न्यायाधीश विचार करतात. पहिल्या आठ दिवसांत जे लिहिले गेले नाही, ते अपिलात वकिलाने कितीही पोटतिडकीने सांगितले तरी पुरावा होत नाही. आम्हा कारकुनांना हे लवकर समजते. व्हाउचर नसेल तर रक्कम खरी असूनही खात्यात धरता येत नाही.

दुसरे कारण खुद्द कायद्याच्या शब्दांत होते. कलम ३(२)(५) मध्ये तेव्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे, अशी अट होती. २०१५ च्या दुरुस्तीने, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरेसे झाले. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करणे आरोपीवर. गावात कोण कोणाला ओळखत नाही? मात्र संविधानाच्या अनुच्छेद २० मुळे असा बदल जुन्या गुन्ह्याला लागू होत नाही. त्याच दुरुस्तीने साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम १५अ आले. सुरेखाबाईंना ते मिळायला दहा वर्षे उशीर झाला होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते तेथे प्रलंबित असतानाच २० जानेवारी २०१७ रोजी भैयालाल नागपुरात वारले.

आता रस्त्याविषयी. शेतरस्त्याचा तंटा पोलिसांकडे जाण्याआधी तहसीलदाराकडे नेता येतो. बांधावरून रस्ता मागणे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली. वहिवाटीचा रस्ता अडविला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, आणि तो दावा अडवणुकीपासून सहा महिन्यांत. अर्ज तोंडी करू नये. पोच घ्यावी. धमकी आली तर तारखेसह लिहून द्यावे. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. अत्याचार कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नसतो. प्रतीवर तपास अधिकाऱ्याचे पद पाहावे. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे, तेव्हा जातीचा दाखला सातबाऱ्याबरोबर घरात तयार असावा. आणि विशेष न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ९० दिवस आहे. निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागावी.