पाणीपातळीची नोंदवही आणि नव्या ओळींचा रंग

धरणाखालच्या गावांत पावसाळ्यातील रोजच्या नोंदींस फार महत्त्व असते. बदलापूरजवळील बारवी धरण हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे धरण होय. त्याची पूर्ण संचय पातळी ७२.६० मीटर आहे. पाणी या पातळीस पोहोचले की धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात व पाणी बारवी नदीत उतरते. काठावरील पंप वेळीच हलविणे व गुरे उंचावर नेणे हे पूर्वसूचना मिळाली तरच साधते.

ही पातळी व पर्जन्यमान संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात रोज लिहून ठेवता येते. पातळी ठराविक आकड्याच्या वर गेली की तो चौकोन आपोआप तांबडा व्हावा, अशी सोयही त्यात आहे. तिला ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’, म्हणजे अटीनुसार रंग देणे, असे म्हणतात.

दोष कोठे असतो?

समजा, १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या नोंदी ओळ २ ते ६२ मध्ये असून, ७२ मीटरच्या वरील पातळीस तांबडा रंग देण्याचा नियम तेवढ्याच ओळींना लावला आहे. १ ऑगस्टची नोंद ६३ व्या ओळीत जाते. ही ओळ नियमाच्या हद्दीबाहेर असल्याने तेथे ७२.४० लिहिले तरी चौकोन पांढराच राहण्याचा संभव असतो. कधीकधी एक्सेल वरच्या ओळींचे स्वरूप खाली आपोआप नेते. परंतु त्यावर विसंबून राहू नये. पांढरा चौकोन पाहून धोका नाही असे समजणे, हीच खरी धोक्याची गोष्ट होय.

उपाय

१. प्रथम शीर्षकांसह सर्व नोंदी निवडून ‘कंट्रोल’ व ‘टी’ या कळा एकत्र दाबाव्यात. वरच्या ओळीत शीर्षके असल्याची खूण करून मान्यता द्यावी. साध्या नोंदींचा आता ‘टेबल’ होतो.

२. पातळीच्या स्तंभातील सर्व आकडे, शीर्षक वगळून, निवडावेत. ‘होम’मधील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’, ‘हायलाइट सेल्स रूल्स’, ‘ग्रेटर दॅन’ या क्रमाने जाऊन ७२ हा आकडा द्यावा व तांबडा रंग निवडावा.

३. नवी नोंद शेवटच्या ओळीस लागूनच खाली करावी. मध्ये रिकामी ओळ सोडू नये. टेबल वाढते व त्याबरोबर नियमाची हद्दही वाढते.

४. ‘मॅनेज रूल्स’ उघडून ‘अप्लाइज टू’ या रकान्यातील हद्द शेवटच्या ओळीपर्यंत आहे की नाही, हे दर आठवड्यास पाहावे. कमी असल्यास तेथेच दुरुस्त करावी.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांनी नियम लावतानाच हद्द पानाच्या अखेरच्या ओळीपर्यंत द्यावी, म्हणजे हंगामभर पुरते.

घ्यावयाची काळजी

दुसऱ्या तक्त्यातील आकडे नुसते चिकटविल्यास त्यांच्याबरोबर परके नियम येतात व मूळ नियमाचे तुकडे होतात. यासाठी ‘पेस्ट व्हॅल्यूज’ वापरून केवळ आकडेच आणावेत. आकड्यापुढे ‘मी.’ किंवा ‘मि.मी.’ लिहू नये. तसे केल्यास तो अंक न राहता मजकूर ठरतो व तुलना चुकते. एकक शीर्षकात द्यावे.

पावसाच्या स्तंभासही हीच रीत लावता येते. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मि.मी. पासून पुढील पाऊस जोरदार समजला जातो. म्हणून तेथे अटीचा आकडा ६४.४ ठेवावा.

हंगामाच्या आरंभी एक चाचणी अवश्य घ्यावी. शेवटच्या ओळीखाली ७३ हा आकडा लिहावा. चौकोन तांबडा झाला तर नियम नीट आहे असे समजून ‘कंट्रोल’ व ‘झेड’ दाबून तो आकडा काढून टाकावा. न झाल्यास वरील कृती पुन्हा करावी.

नोंदवही ही सावधगिरीचे साधन आहे. ती प्रशासनाच्या इशाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. इशारा मिळताच नदीपात्रापासून दूर जावे. ग्रामकार्यकर्त्याने मात्र रंगाआधी रोज आकडा वाचण्याची सवय ठेवावी, म्हणजे रंग चुकला तरी गाव सावध राहील.