कऱ्हा नदी व तिच्या काठची गावे

पुणे जिल्ह्याचा भूगोल शिकविताना भीमा, नीरा व मुळा-मुठा ही नावे मुलांच्या तोंडी लवकर बसतात. कऱ्हेचे नाव बहुधा शेवटी येते. तथापि पुरंदर व बारामती तालुक्यांतील पुष्कळ मुलांना हीच नदी सर्वांत जवळची होय. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे समजावून देण्यास तिच्याइतके चांगले उदाहरण जवळपास नाही.

कऱ्हेचा उगम सासवडच्या पश्चिमेस गराडे गावाच्या परिसरातील डोंगरांत होतो. ब्रह्मदेवाच्या कमंडलूतील पाणी पांडवांनी सांडले व त्याची नदी झाली, अशी कथा काठावरची माणसे सांगतात. कथा मुलांना जरूर सांगावी; मात्र तिच्याबरोबर पावसाचे गणितही सांगावे. नैर्ऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच टाकतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर बारामतीस तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तेव्हा कऱ्हेचे पात्र वर्षाचा बराच काळ कोरडे दिसते, यात नवल नाही.

परंतु कोरडे पात्र म्हणजे मेलेली नदी नव्हे. वाळूच्या थरात पाणी मुरलेले असते व तेच काठच्या विहिरींस मिळते. पुरंदरचे अंजीर व सीताफळ या विहिरींवर आणि कोरड्या हवेवर पोसले गेले. अंजिराचे फळ दमट हवेत नासते. म्हणजे जी हवा बाजरीच्या शेतकऱ्यास जाचते, तीच बागवानास लाभते. वाळूचा उपसा वाढला की पाणी धरून ठेवणारा हा थरच नाहीसा होतो व विहिरी लवकर तळ गाठतात.

सासवडजवळ कऱ्हेस चांबळी नदी मिळते. सोपानदेवांची समाधी याच गावी असून पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे निधन १७२० साली येथेच झाले. पुढे जेजुरीच्या परिसरात नाझरे धरण लागते. सोमवती अमावास्येस खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हेवर येते. त्यानंतर मयुरेश्वराचे मोरगाव व मोरोपंतांची बारामती. आचार्य अत्रे यांनी आपल्या आत्मचरित्रास 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले, तेही याच नदीवरून.

बारामती तालुक्यात एक विरोध स्पष्ट दिसतो. दक्षिणेस नीरेच्या डाव्या कालव्याखाली ऊस उभा असतो. उत्तरेस मोरगाव-सुप्याकडे जिराईत शेती व मेंढपाळांचे कळप. पाऊस सारखाच, फरक पडला तो एका कालव्याने. पावसाळा सरला की यांतील कित्येक धनगर कुटुंबे कळप घेऊन कोकणात उतरतात. त्यामुळे त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटते, ही गोष्ट हजेरीपट पाहणाऱ्या शिक्षकांस ठाऊकच आहे.

कोरड्या नदीचा धाक लोकांस राहत नाही व वस्ती हळूहळू पात्राकडे सरकते. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस पुरंदरच्या डोंगरांत एका रात्रीत मुसळधार पाऊस झाला. कऱ्हेस महापूर आला, नाझरे धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि बारामतीत काठच्या रहिवाशांस घरे सोडावी लागली. म्हणून परिसरफेरीत मुलांना पाण्याची धार दाखवून थांबू नये. पुराची खूण काठावर कोठवर आहे, हे गावातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यांच्याकडून नकाशावर मांडवून घ्यावे. तो नकाशा बारामतीच्या पुढे सोनगावापर्यंत न्यावा. तेथे कऱ्हा नीरेस मिळते.